गरम टॉवेलातले दात

वेटरने चिमट्याने प्रत्येकापुढे एकेक गरम टॉवेल ठेवला. ताईने हात पुसले, दाजींनी हात, मान आणि चष्मा पुसला, आणि आईने त्यात दात काढून ठेवले.

हे इतक्या सफाईने झालं की समोरच बसलेल्या तिच्या मुलाला आधी वाटलं, आईला ठसका लागला. टॉवेल ओठांशी, मान किंचित खाली, अंगठा एकदा वर आणि एकदा खाली, मग टॉवेलची नीट गुंडाळी, टोक आत खोचलेलं, आणि ती गुंडाळी प्लेटच्या डाव्या अंगाला, कुणाच्याही टॉवेलसारखी. वरची कवळी आणि खालची कवळी, एका दमात. ताई मेनूकार्ड बघत होती, दाजी चष्म्याच्या काचा उजेडाकडे धरून बघत होते. त्याच्याशिवाय कुणी पाहिलं नाही, आणि त्याने पाहिलं हे आईने पाहिलं नाही. कवळ्या करणं हाच त्याचा धंदा होता. पहिल्यांदा कवळी काढणारा माणूस ती अडकलेल्या ड्रॉवरसारखी काढतो, पुढे सवयीने चष्म्यासारखी काढायला लागतो. पण भर दुपारी, चारचौघांत, टेबलक्लॉथवर थेंब न पाडता काढायची म्हणजे त्यामागे रियाज हवा. आईचा रियाज झालेला होता. कधी झाला, कुठे झाला आणि मुख्य म्हणजे का झाला, हे तिन्ही प्रश्न एकदम त्याच्या घशाशी आले आणि तिथेच एकमेकांत अडकून बसले, कारण त्या दोन्ही कवळ्या त्याने केल्या होत्या.

"तू काय घेणार, बारक्या?" ताईने विचारलं.

"काहीही."

"काहीही ह्यात नाहीये. बाकी सगळं आहे."

ते मात्र खरं होतं. हॉटेल जपानी होतं आणि चिनीही होतं, आणि ह्या दोन गोष्टींचा आपसात काही संबंध आहे का, हे ठरवायचं काम त्यांनी गिऱ्हाइकावर सोडलं होतं. डाव्या भिंतीवर लाल कंदील, उजव्या भिंतीवर बांबूच्या चटया, आणि मधोमध, जिथे दोन्ही देशांची हद्द लागत असावी, तिथे ह्यांचं नेहमीचं टेबल. आचारी एकच होता. सुशी करताना तो पांढरी टोपी घालायचा आणि नूडल्स परतताना काढून ठेवायचा. मेनूतले फोटो उन्हाने असे विटले होते की सूप निळं दिसायचं. बाहेरच्या काचेत प्लास्टिकच्या पदार्थांची आरास होती, आणि त्यातल्या कोळंबीचा गुलाबी रंग त्याच्या लॅबमधल्या, कवळीची हिरडी करायच्या पावडरीचा, अगदी डोळे मिटून सांगावं असा, तोच होता. पहिल्याच रविवारी त्याने हे ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, जेवायच्या आधी तरी नको. आणि तेव्हापासून दर रविवारी दुपारी ते इथे येत होते. कारण आईला इथलं आवडत होतं. जी बाई आयुष्यभर दूधसुद्धा दोनदा उकळून प्यायली, जिने पाहुण्यांकडच्या फ्रीजमधलं काही विश्वासाने तोंडात घातलं नाही, तिने एके दिवशी फोनवर सांगितलं होतं, "मला ते सुशी का काय ते खायचंय." ताईचं म्हणणं, हे एकटेपणाने होतं. आई एकटी राहते, टीव्ही बघते, मनात काहीबाही येतं. दाजींचं म्हणणं, जग जवळ आलंय. त्याने स्वतःचं म्हणणं कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते त्याच्यापाशी होतं आणि त्याला ते फार आवडत होतं: नवे दात आले की माणूस नव्याने जगायला लागतो. लॅबमध्ये प्लास्टर ओतणाऱ्या मुलीला त्याने एकदा बोलता बोलता सांगूनही टाकलं होतं की माझी आई ह्या वयात सुशी खाते. त्या मुलीने तोंडावरचा मास्क खाली करून "वा" म्हटलं होतं. तो "वा" आता त्याला आठवला आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

कारण आता, ताई ऑर्डर देत असताना, तो आईचं ऐकत होता. "मला आपलं ते वाफवलेलं अंडं. आणि टोफू, साधं. आणि सूप. आणि मासा, पण तो कच्चाच पातळ कापतात तो." तोंड जवळजवळ मिटलेलं, ओठ आत वळलेले, आवाज हलका, म्हणजे इतके दिवस हा आवाज त्यांना आईचा हळुवारपणा वाटत होता. वाफवलेलं अंडं. टोफू. सूप. मासा. त्याने मनातल्या मनात मागच्या सगळ्या रविवारांची टेबलं मांडून पाहिली आणि एकाही टेबलावर आईच्या प्लेटमध्ये कुरकुरीत असं काही सापडेना. तळलेली कोळंबी आली की ती दाजींच्या ताटात सरकवायची, "घ्या, तुम्ही दमलेले असता." दाजी ड्रायव्हिंग शिकवतात, दिवसभर शेजारच्या सीटवर बसून मरणाची वाट बघतात, त्यामुळे ते दमलेले असतात हे कुणी नाकारू शकत नव्हतं. एकदा ऑक्टोपस आला होता. आईने तो तोंडात घेतला आणि बराच वेळ विचार केला आणि मग ताईने फोन बघायला मान खाली घातली तेवढ्यात ऑक्टोपस नाहीसा झाला होता. त्याला तेव्हा आनंद झाला होता. आई ऑक्टोपस चावते. अरे गाढवा. अख्ख्या वस्तीत मऊ, न चावता गिळता येईल, आणि तरीही ज्याला कुणी पथ्याचं जेवण म्हणणार नाही, असं जेवण मिळणारी एकच जागा होती, आणि ती आईने शोधून काढली होती, आणि त्याला तिने हौस असं नाव दिलं होतं. तिच्या मनगटावरचं घड्याळ कोपराच्या दिशेने घरंगळलेलं होतं. पट्टा शेवटच्या भोकात होता. आई वाळत चाललीय हे त्याने आणि ताईने दोघांनी पाहिलं होतं, दोघांनी एकमेकांना सांगितलं होतं, आणि वय झालं असं ठरवून दोघांनी ती फाइल बंद केली होती. दातांची डॉक्टर आणि दातांचा कारागीर, ह्या दोघांच्या डोक्यात बाकी सगळं आलं होतं, फक्त दात आले नव्हते.

ताई दातांची डॉक्टर झाली आणि तो दातांचा कारागीर झाला, आणि घरात ह्याला कौतुकाने 'दोघांचं एकच क्षेत्र' म्हणायचे. जसं काही डोंगर आणि दरी ह्यांचं एकच क्षेत्र असावं. ह्या क्षेत्राची रीत अशी, की डॉक्टर पेशंटच्या तोंडात लगदा भरलेला ट्रे दाबून माप घेतो, ते माप लॅबला पाठवतो. लॅबवाला त्यात प्लास्टर ओततो, मेणात दात बसवतो, मेणाचं प्लास्टिक करतो, घासतो, चकाकी आणतो आणि परत पाठवतो. कवळी बसली तर प्रश्नच नाही. नाही बसली तर डॉक्टर म्हणतो, लॅबने घाण केली; लॅबवाला म्हणतो, मापच चुकीचं होतं. ह्या दोन वाक्यांवर अख्खा धंदा उभा आहे. तिसरं वाक्य, म्हणजे 'माझं चुकलं', हे कुणी उच्चारल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. ताईचं काम त्याच्याच लॅबमध्ये यायचं, त्यामुळे ही दोन वाक्यं फोनवर, जिन्यात, वाढदिवसाच्या केकसमोर, आणि वडील गेले त्या आठवड्यातसुद्धा, हलक्या आवाजात, चालू असायची. आईचे उरलेसुरले दात ताईने काढले तेव्हा हिरड्या बसेपर्यंत थोडे महिने थांबू या, असं तो म्हणाला होता. हे त्याला स्वच्छ आठवत होतं. ताईलाही स्वच्छ आठवत होतं, फक्त तिच्या आठवणीत ते ती म्हणाली होती. थांबायचं दोघांनाही होतं आणि थांबलं कुणीच नाही. मग ताईने माप घेतलं, ट्रे काढताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ताई म्हणाली, झालं झालं. आणि ते माप एका डब्यात, ओल्या कापसात, त्याच्याकडे आलं. त्याने ते पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मापाबद्दल काहीही न बोलता कामाला लागला. बाकी सगळे गेल्यावर तो लॅबमध्ये बसायचा. मेणात एकेक दात रोवताना त्याने आईचा एक जुना फोटो समोर ठेवला होता. आई हसतेय आणि हात अर्धवट तोंडावर, लाजल्यासारखा. बोटांच्या फटीतून डाव्या बाजूचा एक दात दिसतो, शेजाऱ्याच्या खांद्यावर टेकलेला, किंचित तिरपा. कवळीतले दात सरळ बसवणं सोपं असतं, वाकडा दात खरा वाटेल असा वाकडा बसवणं म्हणजे कसब. तो त्याने बसवला. मेण गरम करून तीनदा काढला आणि तीनदा बसवला. त्याच्या सगळ्या कामात ते काम वरचं होतं, आणि ते त्याच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ज्या दिवशी दात बसवले त्या दिवशी ताई खुर्चीच्या एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला, दोघं, निकाल लागायच्या आधी मुलं उभी राहतात तशी उभी. आईने आरशात पाहिलं. जीभ आतून फिरवली. दोघांकडे पाहिलं, आधी हिच्याकडे, मग त्याच्याकडे, अगदी सारखा वेळ. आणि म्हणाली, "बरी आहे."

त्यानंतर कधीही विचारा, "बरी आहे."

अंडं आलं, वाटीत थरथरत. टोफू आलं. मासा आला. त्याला आता आईच्या तोंडाशिवाय काही दिसेना. गालांची हालचाल आडवी नव्हती, उभी होती. आई मासा चावत नव्हती. ती त्याला टाळूशी दाबून समजावत होती.

"ऐक ना," ताई म्हणाली, आणि त्याला ह्या 'ऐक ना'ची चाल ओळखीची होती. "त्या बँडमास्तरांची कवळी पाठवलीस ती परत पाठवतेय मी."

"का?"

"बोलताना शिट्टी वाजते."

"बँडमास्तर आहेत, त्यांना चालेल."

"हसू नकोस. वरची हलते. लॅबमध्ये कोण बसवतं हल्ली, तू बसवतोस का ती पोरगी?"

"माप आलं त्यात अर्धा टाळू नव्हता, ताई. उरलेला अर्धा मी मनाने करू का?"

"माणसाला जेवढा टाळू दिलाय तेवढाच मी घेते."

"मग पाठवताना सांगायचं, माणूस अर्धा आहे."

टेबलाखाली दाजींचा उजवा पाय खाडकन दाबला गेला. ही त्यांची धंद्याची सवय. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटलाही ब्रेक असतो, आणि कुठेही काही एकमेकांवर आदळणार असं वाटलं की दाजी ब्रेक दाबतात. टेबलाखाली ब्रेक नव्हता. त्याचा बूट होता.

"भांडू नका रे," आई म्हणाली. "मासा गार होतोय."

"तो गारच असतो, आई," दोघं एकदम म्हणाली.

तेवढ्यात वेटर आला. हा उंच, वाकलेला, नेहमी टाय लावणारा माणूस होता आणि तो टाय सूपमध्ये बुडू नये म्हणून शर्टाच्या खिशात खोचलेला असायचा. त्याने चिमट्याने टॉवेल उचलायला सुरुवात केली. दाजींचा, ताईचा, त्याचा. मग चिमटा आईच्या प्लेटच्या डाव्या अंगाला गेला, गुंडाळी अलगद उचलली, ट्रेमध्ये ठेवली, आणि वेटर ट्रे घेऊन आत गेला. स्वयंपाकघराचं झुलतं दार दोनदा हललं आणि थांबलं. त्याने आईकडे पाहिलं. आईने ते पाहिलं होतं. तिचे दात तिच्या डोळ्यांदेखत धुवायला गेले होते, आणि ती चमच्याने अंड्याच्या तळाशी पोचायचा प्रयत्न करत होती. बोल ना, त्याच्या मनात आलं. आता तरी बोलशील. 'अरे, माझे दात गेले' एवढं चार शब्दांचं वाक्य, लहान मूलसुद्धा म्हणेल. त्याने तिच्यासाठी जागा करून दिली, म्हणजे चॉपस्टिक खाली ठेवल्या, पाणी प्यायला, घसा साफ केला. आईने विचारलं, "तुला सर्दी झालीय का?" त्याच्या डोक्यात तिडीक गेली. ही बाई अशी घरी जाईल. ही बाई उद्यापासून टोफूवर राहील, आणि कुणी विचारलं तर म्हणेल, बरी आहे. कवळी नसताना कवळी बरी आहे म्हणेल. तो उठला.

"कुठे चाललास?" ताई म्हणाली. "पळू नकोस, बँडमास्तरांचं राहिलंय."

"हात धुवायला."

स्वयंपाकघरात वाफ होती आणि आचारी टोपी घालून, म्हणजे जपानी अवस्थेत, काकडी कापत होता. कोपऱ्यात वापरलेल्या टॉवेलांची टोपली होती. तो सरळ टोपलीपाशी गेला, उकिडवा बसला आणि टॉवेल उलगडायला लागला. एकात सॉस होता. एकात कुणीतरी त्या हिरव्या, झणझणीत वसाबीचा सबंध गोळा लपवला होता; ह्या हॉटेलात लोक टॉवेलात आयुष्यं लपवत होते.

"बाथरूम बाहेर आहे," आचारी सुरी न थांबवता म्हणाला.

"मला टॉवेल हवाय. म्हणजे टॉवेलातलं."

"टॉवेलातलं काय?"

"दात."

सुरी चालूच होती. "आजींचे?"

"आईचे," तो म्हणाला. आणि मग कोणी न विचारता, "मी केलेत."

आता सुरी थांबली. अपघात झाल्यावर गाडीतून धडधाकट उतरलेल्या ड्रायव्हरकडे लोक बघतात तसं आचाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही केलेत होय," तो म्हणाला, आणि पुन्हा काकडीकडे वळला.

वेटरने त्याच्या डोक्यावरच्या फळीवरून काळा, झाकणाचा वाडगा काढला. तसले तिथे बरेच होते, सूपचे. "आज लवकर निघताय?" त्याने विचारलं. "एरवी आजी निघताना हात धुवायला येतात, तेव्हा देतो मी." त्याने झाकण उघडलं. पाण्यात दोन्ही कवळ्या, धुतलेल्या, एकमेकींच्या कुशीत.

"पाणी गरम नाही ना?" त्याच्या तोंडून आधी हेच गेलं. "गरम पाण्याने वाकतात."

"कोमट. आजींनी सांगितलंय."

"हे नेहमीचं आहे?"

"रविवारचं. पहिल्यांदा चुकून धुवायला गेले होते. आजी काही बोलल्याच नाहीत. जेवल्या, उठल्या, पार दारापर्यंत गेल्या. मीच मागे धावलो. तेव्हापासून म्हणाल्या, असंच करत जा, बरं पडतं." वेटरने टाय खिशात नीट खोचला. "बुधवारी एकट्या येतात तेव्हा ही भानगड नसते. घालूनच येत नाहीत."

"बुधवारी येते?"

"आम्हाला वाटलं, घरी माहीत असेल."

त्याने बोटाने पाणी तपासलं. कोमट होतं. वरची कवळी काढून दिव्याखाली धरली. जेवणाऱ्या माणसाचे दात झिजतात. वर्षभरात दाढांच्या टेकड्या सपाट होतात, कडांवर ओरखडे येतात, चहा आपला रंग सोडतो, आणि त्यावरून माणूस कुठल्या बाजूने खातो, रागीट आहे का, झोपेत दात खातो का, हे सगळं त्याला वाचता यायचं. ह्या दातांवर वाचायला काही नव्हतं. त्यावर त्याच्याच पॉलिशच्या बफची चकाकी होती, जशीच्या तशी. तिरपा दात तिरपा होता. ह्या दातांनी फक्त मुलांना भेटायला जायचं काम केलं होतं. ज्यांना दारातून बघितलं की घालायचे, ती मुलं. आणि हे गुपित सांभाळायला तिला कोण मिळालं, तर टाय खिशात घालणारा एक माणूस आणि टोपी काढून चिनी होणारा दुसरा. त्याला ह्या दोघांचा राग यावा असं फार वाटलं. तो येईना. ते दोघं फक्त तिथे होते, आणि आईला कुणीतरी तिथे हवं होतं. आता तो हा वाडगा वेटरच्या हातात परत देऊ शकत होता. आई हात धुवायला येईल, दात घालेल, बाहेर येईल, तो विचारेल, ती म्हणेल बरी आहे, आणि पुढच्या रविवारी घड्याळाला आणखी एक भोक पाडावं लागेल. किंवा तो वाडगा टेबलावर नेऊ शकत होता. मग ताई म्हणेल लॅब, तो म्हणेल माप, आणि आई ज्या जागेतून इतके महिने पळत होती त्या जागेत, दोघांच्या मधोमध, तिला आणून बसवल्यासारखं होईल. दोन्ही वाईट होतं. त्याने झाकण लावलं आणि वाडगा उचलला, कारण पहिल्या वाईटात आई उपाशी राहत होती.

टेबलावर त्याने वाडगा आईच्या पुढे ठेवला. आईने आधी वाडग्याकडे पाहिलं, मग तो आणणाऱ्या हाताकडे, मग त्याच्याकडे. ती तोंडात मिठाची गुळणी धरावी तशी बसून राहिली.

"अरे वा, सूप," म्हणून दाजींनी झाकण उचललं. आणि बराच वेळ आत पाहिल्यावर अतिशय सभ्यपणे म्हणाले, "हे आपण मागवलं नव्हतं."

ताई वाकली. वाडग्यात पाहिलं, आईच्या गालांकडे पाहिलं, पुन्हा वाडग्यात. डॉक्टर व्हायला तिला एक क्षण लागला आणि बहीण व्हायला त्याहून कमी. "हलत असणार," ती त्याला म्हणाली. "वरची हलत असणार. मी तेव्हाच म्हणाले होते, कडा आखूड झाल्यात."

"कडा मापाएवढ्याच असतात."

"माप नीट होतं."

"ट्रे काढताना तू हिसका दिलास. मी होतो तिथे. मापात कुठे ओढ बसलीय ते प्लास्टरमध्ये दिसतं मला."

"मग दिसल्यावर बोलायचं. फोन नव्हता?"

"बोललो असतो तर तू माप पुन्हा घेतलं असतंस?"

"नसतं घेतलं. पण तू बोलायचंस."

"मी म्हणालो होतो, हिरड्या बसू देत. थांबू या."

"मी म्हणाले होते थांबू या."

"आता इथे थांबू या का," दाजी म्हणाले, आणि त्यांचा पाय पुन्हा खाली गेला. ह्या वेळी टेबल हललं आणि वाडग्यातलं पाणी थोडं टेबलक्लॉथवर सांडलं. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याने नूडल्स अर्ध्यावर थांबवल्या होत्या. आणि तेव्हा आई बोलली. म्हणजे तिने काहीतरी म्हटलं. पण तोंडातून आली ती नुसती हवा, कडा नसलेली, कुठल्याच अक्षराला न धरलेली. एवढ्या वर्षांत दोघांनी आईचा हा आवाज ऐकला नव्हता; इतके रविवार ती फक्त तोंड मिटून जमेल तेवढंच बोलत आली होती. आईने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. तिने वैतागून चमचा खाली ठेवला. मग वाडग्यात हात घातला, वरची कवळी काढली, पाणी झटकलं, तोंडात सरकवली. खालची घेतली, तीही सरकवली. दात बसताना तिने डोळे मिटले, पायरी चुकल्यावर मिटतात तसे. उघडले, आणि अगदी स्वच्छ, कानाकोपऱ्यात ऐकू जाईल असं म्हणाली,

"दुखतंय."

ताईने हात तिच्या दंडावर ठेवला. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? तुला सांगितलं असतं तर तू ह्याला बोलली असतीस. ह्याला सांगितलं असतं तर ह्याने तुला बोलून घेतलं असतं. आत्ता बघितलं ना मी." वरची कवळी बोलताना मागून सुटत होती आणि ती जिभेने तिला वर ढकलत होती, हे त्याला दिसत होतं आणि बघवत नव्हतं. "माझ्या तोंडात तुमचं भांडण ठेवून मी फिरत होते."

"कुठे दुखतंय पण?" त्याने विचारलं.

"डावीकडे दुखतंय. उजवीकडेही दुखतंय." आईने थोडा विचार केला. "सारखंच. कुणाचं कमी-जास्त नाही."

"आई, हे काय वाटे घालायचंय का?" ताई म्हणाली.

"आणि हा वाकडा दात." आईने बोट लावून दाखवला. "हा कुणी सांगितला होता? जन्मभर मी ह्याच्यावर हात धरून हसले. म्हटलं, गेला एकदाचा. तर तुम्ही नवीन करून आणलात."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तिला तो दात आत्ताच दिसत होता. कारागिराला अशा वेळी म्हणता येण्यासारखं बरंच असतं. फोटो होता, कसब होतं, तीनदा मेण गरम केलं होतं.

"मला आवडायचा तो," तो म्हणाला.

आई त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिचा हात सवयीने तोंडाकडे जायला निघाला आणि मध्येच थांबला.

"काढ बरं," ताई म्हणाली. "दोन्ही काढ. आणि आ कर."

"इथे? लोक जेवतायत."

"इथेच. घरी गेलीस की तू बरी होशील."

दाजींनी सुशीची प्लेट, सॉसच्या वाट्या, आल्याचे काप, सगळं एका बाजूला सरकवलं आणि शेजारच्या जोडप्याला मान हलवून सांगितलं की काही नाही, चालू द्या. आईने दात काढून वाडग्यात ठेवले. ह्या वेळी टॉवेल नव्हता. ताईने पाण्याने बोट धुतलं. टेबलावर लोंबणारा कागदी दिवा त्याने हाताने धरून खाली ओढला आणि तिरका केला. उजेड आईच्या हनुवटीवर पडला, मग ओठांवर. वेटर दुसरं अंडं घेऊन येऊन उभा होता, आणि कुठे ठेवू असं कुणाला विचारावं हे त्याला कळत नव्हतं. आईने डोळे वर छताकडे लावले, देशोधडीला लागल्यासारखा एक सुस्कारा टाकला आणि तोंड उघडलं. बोळकं, गुलाबी, ओलं. त्याने रंगवलेल्या कुठल्याही गुलाबीसारखं ते नव्हतं. ताईचं बोट हिरडीवरून मागे मागे सरकत गेलं. तो वाकला. त्याचं डोकं ताईच्या डोक्याला लागलं आणि दोघांपैकी कुणीच ते मागे घेतलं नाही. बोट एका जागी टेकलं तशी आई दचकली.

"हा बघ, व्रण," ताई हळूच म्हणाली.

पांढरा होता. कडेला लाल. भाताच्या शितापेक्षाही लहान.

"दिसला," तो म्हणाला.